मुक्कामावरची पादत्राणे

उत्तराखंडातील सांकरीहून केदारकंठ्याच्या हिवाळी वाटेस लागणारी आपली मंडळी चालण्याचे बूट जितक्या चोखंदळपणे निवडतात, तितकीच बेफिकिरी, दिवसभरात ओलावलेले ते बूट तंबूच्या दाराशी उतरविल्यावर पायांत काय घालावयाचे, या प्रश्नाबाबत दाखवितात. वस्तुतः बर्फावर उभ्या माणसाची ऊब तळव्यांवाटे सतत झिरपत असल्याने, वरच्या गुबगुबीत आवरणापेक्षा तळाचा जाड फोमच मी आधी दाबून पाहतो. पिसे भरलेले बूट वजनास नगण्य आणि कमालीचे उबदार खरे, परंतु एकदा भिजले की पिसांचे गोळे होऊन त्यांची सारी मातब्बरी संपते. कृत्रिम तंतूंचे भरण ओलाव्यातही बरीच ऊब राखते, सबब उन्हाने बर्फ विरघळून चिखल होणाऱ्या मुक्कामी तेच इष्ट. फोमचे क्लॉग स्वस्त व हलके, मात्र भोकांचे घेऊ नयेत, कारण त्यांतून बर्फ आत येतो (चिकटपट्टीचा इलाज रात्री एकदा बाहेर जाऊन येईतोच टिकतो!). माप जाड लोकरी मोज्यांसह, सैलसर घ्यावे. आवळलेल्या पायात रक्त खेळत नाही. अंगठ्याच्या चपला मात्र बिनदिक्कत घरी ठेवाव्यात. साध्या मोज्यांवर त्या धड चढतही नाहीत.