इंजिन बंद पडल्यावर

उडत्या विमानाचें इंजिन बंद पडलें कीं तें दगडाप्रमाणें खालीं येतें, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तसें होत नाहीं. विमानाला हवेंत तोलून धरतात ते त्याचे पंख; इंजिनाचें काम वेग देण्याचें. तें थांबल्यास वैमानिकानें नाक थोडें खालीं झुकवावें. मग उतारावरची सायकल जशी पाय न मारतां धांवते, तसा विमानाचा वेग टिकतो व तें तरंगत खालीं उतरतें. साधारण लहान विमान हजार मीटर उंचीवरून असें आठ-नऊ किलोमीटर जातें. तेवढ्या अवधींत मोकळें शेत हेरावें, वाऱ्याला सामोरें व्हावें आणि उतरावें. चाकें मोडतील, पीक तुडवलें जाईल. पण माणूस बहुधा वांचतो.

घात होतो तो वेग गमावल्यानें. जमीन जवळ आली कीं नाक वर ओढावेंसें वाटतें. उड्डाण होतांच इंजिन थांबलें तर मागें वळून धावपट्टी गाठण्याचा मोह पडतो. नाक ओढल्यानें वेग सरतो, आणि तीव्र वळणांत तर पंखांना नेहमींहून अधिक वेग लागतो. तो न मिळाल्यास त्यांचा आधार सुटतो, आणि मग मात्र विमानाचा खरोखरच दगड होतो.

हौसेनें घरीं बांधलेल्या विमानांत आणखी एक संकट संभवतें. आराखडा एकच असला, तरी प्रत्येक विमान आपल्या कर्त्याच्या मतानें घडतें. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचा अंत अशाच विमानांत झाला. बर्ट रुटन यांच्या ‘लाँग-ईझी’ आराखड्यावरून दुसऱ्या कोणी बांधलेलें तें विमान त्यांनीं नुकतेंच विकत घेतलें होतें. त्यांत पेट्रोलच्या दोन टाक्या असतात. एक सरत आली कीं तोटी फिरवून दुसरी चालू करावयाची. मूळ आराखड्यांत ही तोटी वैमानिकाच्या पुढ्यांत, पायांमध्यें आहे. बांधणाऱ्यानें ती डाव्या खांद्यामागें बसविली. हेतु वाईट नव्हता. पेट्रोलच्या नळ्या बसण्याच्या जागेंत नकोत, एवढाच त्याचा विचार.

12 ऑक्टोबर 1997 रोजीं कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथून निघण्यापूर्वीं ही अडचण डेन्व्हर यांच्या ध्यानांत आली होती. तोटीला पकड लावून पाहिली, साधलें नाहीं. मागच्या बाजूचें पेट्रोलचें माप दिसावें म्हणून एका कारागिरानें त्यांना आरसा दिला. अधिक पेट्रोल मात्र त्यांनीं नाकारलें. तासाभराचेंच उड्डाण होतें.

विमान समुद्रकांठीं सुमारें पांचशें फुटांवर असतां कोसळलें. त्यांच्या गांठीं अडीच हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. परंतु या जातीच्या विमानाचा फारच थोडा. तपासणाऱ्यांनीं तशाच विमानांत बसून तोटीकडे हात नेऊन पाहिला. शरीर डावीकडे वळतांच तोल सांवरण्यासाठीं उजवा पाय आपोआप ताणला जाई, आणि त्याखालीं सुकाणूचा उजवा पायटा होता.