आलेली प्रत्येक नोटीस कोर्टाची नसते
चुकलेल्या तपासणीची फी आणि वर वसुलीचा खर्च : काय द्यायचे, काय नाकारायचे?

समजा, आषाढाचे दिवस आहेत. आईला मोतीबिंदू झालाय म्हणून तुम्ही शहरातल्या खासगी दवाखान्यात फोन करून नंबर लावला. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. सोमवारी रात्री पाऊस कोसळला, फरशीवरून पाणी गेले, सकाळची एस.टी. गावात आलीच नाही. जाणे राहिले. पुढे कोळपणी-खुरपणीच्या गडबडीत ती गोष्ट तुम्ही विसरूनही गेलात. आणि चार महिन्यांनी पोस्टमनने एक लांबट पाकीट हातात दिले. आत एका वसुली एजन्सीचे पत्र. वेळ घेऊन न आल्याची फी ५०० रुपये, वसुली खर्च १,२०० रुपये, व्याज १५० रुपये, एकूण १,८५० रुपये. सात दिवसांत भरा, नाहीतर जप्ती!

आई म्हणते, "देऊन टाक बाबा, दारात पोलीस नको." शेजारी म्हणतो, "फाडून टाक, काय होतंय!" शेतकरी बंधूंनो, हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. घाबरून पैसे भरू नका आणि कागद फाडूनही टाकू नका. कागदाला कागदानेच उत्तर द्यायचे असते.

आधी कागद नीट वाचा

पत्र कोणाकडून आले ते पाहा. कोर्टाच्या समन्सवर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, हजर राहण्याची तारीख आणि शिक्का असतो. एजन्सीच्या पत्रावर यातले काही नसते. वकिलाची नोटीस आली तरी तीही कोर्टाचा हुकूम नव्हे, एका बाजूचे म्हणणे असते.

जप्तीचा धाक तर सर्रास घातला जातो. पण अशा खासगी येण्यासाठी आधी दिवाणी दावा लावावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो, मग अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याच्या उपजीविकेला लागणारी औजारे, जनावरे आणि बियाणे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षण दिले आहे. एजन्सीचा माणूस मोटारसायकलवर येऊन बैल सोडून नेऊ शकत नाही. पैसे वसूल करून देणे हे पोलिसांचेही काम नव्हे.

"सिबिल खराब करू, पीककर्ज मिळणार नाही," असेही फोनवर सांगतात. सिबिलकडे नोंदी जातात त्या बँका आणि वित्तसंस्था यांनी दिलेल्या कर्जाच्या. दवाखान्याची चुकलेली फी हे कर्ज नाही.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. विकास सोसायटी किंवा पतसंस्थेची कलम १०१ खालची नोटीस ही वेगळी गोष्ट आहे. सहकार कायद्याने तेथे निबंधकाला वसुलीचा दाखला देण्याचा अधिकार आहे. ती नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहून म्हणणे मांडलेच पाहिजे.

फी देणे लागते का?

आता प्रामाणिकपणे विचार करू. डॉक्टरने तुमच्यासाठी वेळ राखून ठेवली होती. नंबर लावताना "न आल्यास ५०० रुपये पडतील" असे स्पष्ट सांगितले असेल, तुम्ही हो म्हटले असेल आणि न कळवता गेला नसाल, तर वाजवी रक्कम देणे बरे. पण असे काही सांगितलेच नसेल, तर तुम्ही कशाला मान्यता दिली? करारात दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली असावी लागते. दवाखान्याच्या भिंतीवर इंग्रजीत लावलेली पाटी फोनवर नंबर लावणाऱ्याला दिसत नाही.

शिवाय ठरलेला दंड म्हणजे तेवढा मिळालाच पाहिजे, असे नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हेच तत्त्व स्पष्ट केले. मग ज्या वसुली खर्चाचा करारात पत्ताच नाही, तो १,२०० रुपये कुठून आला? हा प्रश्न लेखी विचारा.

उत्तर कसे लिहाल?

साध्या कागदावर, आपल्या भाषेत लिहा. नमुना असा :

"आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. आपली मागणी मला मान्य नाही. दवाखान्याने आपणास वसुलीचा अधिकार दिल्याचे पत्र, न आल्यास फी पडेल ही अट मला कधी व कशी सांगितली याचा पुरावा, आणि रकमेचा तपशील पाठवावा. त्या दिवशी पुरामुळे रस्ता बंद होता. यापुढे पत्रव्यवहार लेखीच करावा."

तारीख टाका, सही करा, झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. एक प्रत दवाखान्यालाही पाठवा. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच सामावले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच मागा. फोन करून नंबर रद्द केला असेल तर मोबाईलमधली ती नोंद जपा.

"पैसे देणे मान्य आहे, थोडी सवलत द्या," असे मात्र लिहू नका. अशा येण्याच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ती संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिलीत, की मुदत नव्याने सुरू होते. खरोखर काही देणे पटत असेल तर थेट दवाखान्यात जाऊन भरा, पावती घ्या आणि "आता काही येणे बाकी नाही" असे लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही.

दाद कुठे मागायची?

एवढे करूनही तगादा थांबला नाही, तर ग्राहक कायदा आहे. पैसे घेऊन उपचार करणारे दवाखाने त्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. २०१९ च्या नव्या कायद्याची मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. शहरात खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे आणि विधी सेवेची १५१००. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

एजन्सीच्या माणसाने मारहाणीची, बदनामीची धमकी दिली तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ त्यासाठीच आहे. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

आणि खरेच कोर्टाचे समन्स आले तर? मग मात्र एक दिवसही दवडू नका. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते. तारीख चुकली तर एकतर्फी निकाल होतो. राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, पण तडजोड पटली तरच सही करा. सही झाल्यावर तेथे अपील नाही.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), पोलीस पाटील आणि सरपंच यांना एक विनंती. एजन्सीचे लोक कधीकधी तुमच्याच कचेरीत बसून खातेदाराला बोलावणे धाडतात. खासगी दवाखान्याची फी ही जमीन महसुलाची थकबाकी नव्हे आणि एजन्सीच्या पत्रावर सातबारावर बोजा चढत नाही. तुमच्या ओट्यावर वसुली झाली, की गावाला ती सरकारी वाटते. उलट त्या दिवशी पूर होता, रस्ता बंद होता, हे तुम्हाला ठाऊक असेल तर तसे लिहून द्या. तो चार ओळींचा कागद एखाद्या घराला मोठा आधार होतो.

आणि वाचकहो, एक शेवटचे. या पत्राच्या भीतीने आईचा डोळा तसाच ठेवू नका. पिकलेल्या मोतीबिंदूला उशीर सोसत नाही. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया मोफत होते. या वेळी नंबर लावताना एवढेच विचारा : "काही कारणानं येता आलं नाही तर काय?" उत्तर वहीत टिपून ठेवा आणि अडचण आली तर आदल्या दिवशी फोन करा. पुढचे भांडण तिथेच मिटते.