हायब्रिड मोटार आणि पेट्रोलची काटकसर

पेट्रोलची काटकसर हा मोटारमालकाचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो चालकाचाही तितकाच आहे. स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली टॅक्सी चालवणाऱ्याची दिवसाची मजुरी म्हणजे जमलेल्या भाड्यातून पेट्रोल वजा जाता जे उरेल ते. आणि पगारी चालकाची लायकी पुष्कळ ठिकाणी ‘ॲव्हरेज’च्या आकड्यावरच ठरवली जाते. चालकांच्या संघटनेचे काम करताना या एका आकड्यावरून झालेले तंटे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आता त्यात हायब्रिड मोटारीची भर पडली आहे. तेव्हा ही मोटार पेट्रोल वाचवते ती कशाच्या बळावर, आणि त्यात चालकाचा वाटा किती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

टोयोटा कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘प्रियस’ ही हायब्रिड मोटार विक्रीस काढली. आपल्याकडे २०२२ साली टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि होंडाची सिटी यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या. अशा गाडीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही. कधी एक गाडी ओढते, कधी दुसरी, कधी दोघी मिळून. या गाड्यांना बाहेरून वीज भरावी लागत नाही. याचा अर्थ असा की, बॅटरीतील वीजही शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे उलगडत जाते.

मग बचत होते कोठे? एक तर सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन बंद राहते. दुसरे, मंद गतीत, जेथे इंजिन फार उधळपट्टीने चालते, तेथे मोटर काम करते. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेग कमी करताना तीच मोटर उलट जनित्र बनते आणि चाकांच्या गतीतून वीज तयार करून बॅटरीत भरते. साध्या गाडीत ही शक्ती ब्रेकच्या उष्णतेत फुकट जाते.

ती किती असते, याचा हिशेब करून पाहू. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी सुमारे १६७ किलोज्यूल शक्ती असते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल शक्ती असते खरी, पण चांगल्या स्थितीतले इंजिनही त्यातील एक-तृतीयांशच्या आसपास कामी लावते. म्हणजे साध्या गाडीने ६० च्या वेगावरून सुमारे ६४ वेळा ब्रेक मारून थांबावे, की एक लिटर पेट्रोल रस्त्यावर सांडले असे समजावे. शहरातल्या गर्दीत ६४ थांबे व्हायला किती वेळ लागतो, हे ज्याने स्टिअरिंग धरले आहे त्याला सांगायला नको.

हायब्रिड गाडी यातला काही भाग परत मिळवते, सगळा नव्हे. गतीची वीज, विजेची पुन्हा गती, या प्रत्येक हस्तांतरणात दलाली कापली जाते. म्हणून पहिला नियम असा, की ब्रेक लावण्याची वेळच कमी येऊ द्यावी. नजर लांब ठेवावी, पुढच्या गाडीपासून अंतर राखावे, सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. ब्रेक लागलाच तर लवकर आणि हलक्या पायाने लावावा. जोरात दाबला की मोटरला तेवढी शक्ती झेलता येत नाही, आणि साधे ब्रेक ती जाळून टाकतात. अर्थात माणूस आडवा आला तर हिशेब विसरून ब्रेक दाबायचा, हे सांगणे नलगे.

दुसरा नियम वेग घेण्याचा. इंजिन चालू होऊ नये म्हणून काही चालक गाडी मुंगीच्या पावलांनी नेतात. ही काटकसर खोटी होय. रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला इंजिनच चालणार. त्यापेक्षा मध्यम जोराने इच्छित वेग गाठावा आणि मग पाय सैल करावा. तेव्हा इंजिन आपोआप विसावा घेते.

तिसरा नियम, उतारावर न्यूट्रल करू नये. टोयोटाच्या पद्धतीत न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, शिवाय ते धोक्याचेही आहे. खंडाळ्यासारख्या लांब उतारावर बॅटरी भरून जाते आणि आणखी वीज घ्यायला जागा उरत नाही. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ हे अक्षर असेल तर ते अशा वेळी कामी येते. त्यात इंजिनचा अडसर लागून ब्रेक तापत नाहीत. सपाटीवर मात्र ते वापरू नये.

चौथी गोष्ट वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि महामार्गावर ब्रेकची कमाई फारशी नसल्याने हायब्रिडचा फायदाही तेथे घटतो. चाकांतली हवा दाराच्या चौकटीवरील आकड्याप्रमाणे ठेवावी. उन्हात उभी असलेली गाडी आधी दारे उघडून निववावी, मग एसी लावावा, कारण तोही बॅटरीवरच चालतो.

एवढे सगळे केले तरी जाहिरातीतला आकडा हाती येईलच असे नाही. ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांना २०२२ साली लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा जाहीर झाला होता. असे आकडे गाडी जागच्या जागी फिरत्या रुळांवर, ठराविक क्रमाने चालवून काढतात. तेथे खड्डे नसतात, मिरवणूक नसते आणि पंधरा मिनिटांत पोहोच म्हणणारा फोनही नसतो.

आमचा मुद्दा येथेच आहे. हलका पाय ही चालकाची कला आहे, आणि ती शिकणे त्याच्या हिताचे आहे. परंतु हलक्या पायाला वेळ लागतो, आणि वेळ चालकाच्या हाती नसतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास ही कामाची मर्यादा घातली, त्यामागे थकलेला माणूस गाडी नीट हाकू शकत नाही हीच समज होती. बारा तास राबलेल्या माणसाची नजर लांब जात नाही. ती पुढच्या गाडीच्या बंपरवर खिळते, आणि त्याचा पाय ब्रेकवर आदळतो. तेव्हा ज्या मालकाला चालकाचे ॲव्हरेज मोजायचे असेल त्याने ते जरूर मोजावे. मात्र त्याच वहीत चाकांतली हवा, गाडीवरचा बोजा, नेमून दिलेला मार्ग आणि कामाचे तास यांचेही रकाने आखावेत. सगळे रकाने भरल्यावर जो हिशेब निघेल, तो मान्य करायला कोणताही चालक कचरणार नाही.