उडण्याआधीचा धक्का

विमानाचा अपघात म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे आकाश येतं. पण छोट्या विमानांचे कितीतरी अपघात जमिनीवरच होतात, तेही सायकलच्या वेगात. हँगरच्या दाराला किंवा शेजारी उभ्या असलेल्या विमानाला पंखाचं टोक लागतं.

असं का व्हावं? खरं म्हणजे विमान हे जमिनीवरचं वाहनच नव्हे. शिकाऊ वैमानिकांचं नेहमीचं सेसना 172 घ्या. जमिनीवर ते वळतं पायांतल्या पेडलनी. मोटार चालवायची सवय असलेला नवशिका हातातलं चाक फिरवत बसतो आणि विमान सरळच जात राहतं! डायमंड डीए-40चं पुढचं चाक तर ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं मोकळं असतं. हळू चालताना वळायचं ते एका बाजूचा ब्रेक दाबून. तो ब्रेक निकामी झाला, की थांबणंही गेलं आणि त्या बाजूला वळणंही.

त्यात रुंदी. सेसनाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 11 मीटर, आणि वैमानिक बसतो डावीकडे. उजवं टोक त्याच्यापासून जवळजवळ सहा मीटर दूर. एवढ्या अंतरावरची वीतभर जागा डोळ्यांना नीट जोखता येत नाही. इमारतींजवळ वाराही दगा देतो. हँगरच्या आडोशातून बाहेर पडताच उभ्या शेपटीवर झोत बसतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहतं.

जमिनीवरची पिवळी रेघही ठरावीक रुंदीच्या विमानांपुरतीच भरवशाची. 2013च्या डिसेंबरात जोहान्सबर्गला ब्रिटिश एअरवेजचं 747 चुकून अरुंद मार्गावर गेलं आणि त्याचा पंख इमारतीत घुसला. आतले चार कर्मचारी किरकोळ जखमी झाले.

धक्का किरकोळ वाटला तरी तसंच उडणं धोक्याचं. टोकाला पोचा दिसतो, पण हिसका पंखाच्या मुळापर्यंत पोचलेला असू शकतो. प्रोपेलर आपटला असेल, तर इंजिनाची आतून तपासणी करावी लागते.

जागा कमी वाटली, तर पंखाच्या टोकाशी माणूस चालवावा. तरीही शंका राहिली, तर सरळ इंजिन बंद करून खाली उतरावं आणि पुढच्या चाकाला दांडा लावून विमान हातानं ओढावं. दोघांना ते जमतं. दांडा मात्र इंजिन सुरू करण्यापूर्वी आठवणीनं काढावा. तो तसाच राहिला, तर प्रोपेलरचं पातं त्यालाच लागतं.