पाच सेकंदांचे भूत

पडद्यावरच्या खेळांविषयी आमच्या घरी फारसे बरे बोलले जात नसे. ज्या खोलीत सकाळी तंबोरा लागतो आणि संध्याकाळी शिकवण्या होतात, तिथे ते जपानी यंत्र आले गेल्या दिवाळीत, मुलीच्या मामाच्या कृपेने. सहा वर्षांच्या धाकटीने एक कंट्रोलर माझ्या हाती दिला आणि फर्मावले, "बाबा, तुम्ही मारिओ व्हा. मी योशी."

खेळ होता निन्टेन्डोने २०२३ साली काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'. योशी म्हणजे हिरवा डायनासोर. पोरीने निवड हिशेबाने केली होती. शत्रूचा धक्का लागला तरी योशी मरत नाही. खड्ड्यात पडला की मात्र जातो. लहानांना सांभाळून घेण्यासाठी ठेवलेली ही सवलत! मारिओला तशी सूट नाही. त्यामुळे पहिले चार दिवस मरण्याचे काम माझ्याकडे आणि हसण्याचे तिच्याकडे होते.

माझे कान अर्थातच संगीताकडे. मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. त्याचे संगीत कोजी कोंडो यांचे. तेव्हाच्या यंत्रातून एका वेळी मोजकेच आवाज निघत. तेवढ्यात त्यांनी अशी धून बांधली की २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत तिला जागा दिली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. त्या जुन्या खेळात घड्याळात शंभर उरले की लय एकदम चढते. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये तर योशीच्या पाठीवर बसताच चालू धुनेला तालवाद्य येऊन मिळते, उतरताच थांबते. साथसंगत म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना याहून सोपे करून सांगितल्याचे आठवत नाही.

पाचव्या दिवशी माझा हात बसला आणि तिथेच घोटाळा झाला. 'वंडर'मध्ये पडदा मुकुटधारी खेळाडूबरोबर सरकतो. मागे राहिलेल्याचे भूत होते. पाच सेकंदांत ते भूत साथीदाराला शिवले तर पुन्हा जिवंत, नाही तर गेले. मुकुट माझ्याकडे होता. मी धावत सुटलो. "उडी मार! आता! अगं, आता!"

हा सूर माझ्या ओळखीचा होता. वडील राजदरबारचे गवई. आठव्या वर्षी त्यांच्यामागे गायला बसलो असताना एक जागा चुकली. ते तसेच तानेत पुढे गेले आणि उरलेली मैफल मी नुसत्या तारा छेडीत काढली. शिकणे असेच असते, असे पुढे मीही कितीतरी मुलांना ऐकवले आहे.

पोरीचे भूत तिसऱ्यांदा विरले. ती रडली नाही. कंट्रोलर सतरंजीवर ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटेच खेळा. तुम्हाला तेच आवडतं."

दोन दिवस यंत्राला कोणी शिवले नाही. तिसऱ्या दिवशी शिकवणी आटोपल्यावर मीच विचारले. ती आली, पण अट घालून : मी तिच्या पाठीवर बसायचे. मारिओला योशीवर बसता येते. मात्र मग चालणे, उडी, सारे योशीच्या हाती. बसलो. एका खड्ड्यापाशी ती थबकली. उडीची वेळ मला दिसत होती. शब्द ओठांपर्यंत आला होता. तिने मनाशी काहीतरी मोजले, आणि आम्ही दोघेही खाली गेलो.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि मी चढेपर्यंत थांबून राहिली.