उंच इमारतीतील हवेची वाट

हिवाळ्यात उंच इमारत धुराड्यासारखी वागते. दिल्लीत रात्री बाहेर ५ आणि आत २० अंश सेल्सिअस तापमान असेल, तर उबदार, हलकी हवा जिने व लिफ्टच्या पोकळीतून वर चढते आणि तळमजल्यावरील फटींतून थंड, धुळकट हवा आत ओढली जाते. यालाच ‘स्टॅक इफेक्ट’ म्हणतात. इमारत १०० मीटर उंच असल्यास प्रवेशद्वारावर दर चौरस मीटरला सुमारे ३ किलो भार येऊ शकतो. आग लागल्यास धूरही याच वाटेने वर जातो. म्हणून जिन्याचे अग्निरोधक दार वीट लावून उघडे ठेवू नये. नळ-तारांच्या शाफ्टमधील छिद्रे अग्निरोधक मिश्रणाने बुजवावीत. गृहकर्ज घेऊन सदनिका पसंत करताना ग्राहकांनी जिन्याचे दार आपोआप घट्ट बंद होते का, हेही अवश्य पाहावे.