गिअरची झिजलेली मूठ : जीर्णोद्धार आणि बदल

मोटारीच्या अनेक भागांत गिअरच्या दांडीवरील मूठ हा अगदी क्षुल्लक भाग वाटतो. ती निखळून पडली तरी गाडी चालावयाची थांबत नाही. परंतु चालकाच्या दृष्टीने पाहिले असता ही मूठ दोन कार्ये करीत असते. पोलादी दांडीचे टोक तळहातात नीट धरता यावे, हे पहिले कार्य. आणि कोणत्या दिशेस कोणता गिअर आहे याचा बोध व्हावा, हे दुसरे. जुन्या जीपसारख्या गाडीची मूठ झिजते तेव्हा ही दोन्ही कार्ये मंदावतात. दुरुस्ती करणारा मात्र बहुधा पहिल्याच कार्याकडे लक्ष पुरवितो. वस्तुतः अपघाताचे बीज दुसऱ्याकडे होणाऱ्या दुर्लक्षात असते.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. या गाडीत चालकाच्या हाताशी तीन दांड्या असतात : एक मुख्य गिअरची, दुसरी पुढील चाकांना शक्ती जोडणारी आणि तिसरी उच्च व नीच श्रेणी बदलणारी. मुख्य दांडीचा मार्ग रोमन लिपीतील ‘एच’ या अक्षरासारखा आहे. डावीकडे पुढे रिव्हर्स, डावीकडे मागे पहिला, उजवीकडे पुढे दुसरा आणि उजवीकडे मागे तिसरा, असा त्याचा क्रम. महिंद्रा समूहाने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून ही गाडी महाराष्ट्रातील रस्त्यांना परिचित झाली. पुढे अशा अनेक जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिने आणि चार गिअरांच्या पेट्या बसविण्यात आल्या. चार गिअरांच्या सर्वसाधारण मांडणीत डावीकडे पुढे पहिला गिअर असतो. म्हणजे ज्या स्थानाचा अर्थ एका पेटीत ‘मागे’ असा होतो, त्याच स्थानाचा अर्थ दुसऱ्या पेटीत ‘पुढे’ असा होतो. पेटी बदलली आणि मूठ जुनीच राहिली, किंवा पेटी जुनी राहिली आणि बाजारातील नवी मूठ वर बसली, तर मुठीवरील आकृती चक्क खोटे बोलू लागते. घाटात उभी केलेली गाडी अनोळखी चालकाने अशा आकृतीवर विसंबून हलविली, तर काय होईल हे सांगावयास नको.

रूढ संकेत आणि लिखित संकेत यांचा संबंध येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १९६८ पासून अमेरिकेत लागू झालेल्या संघीय सुरक्षामानक क्रमांक १०२ मध्ये हाताने बदलावयाच्या गिअरांची स्थाने चालकाच्या दृष्टीस पडतील अशी दर्शवावीत, असा नियम करण्यात आला. मात्र प्रमाण ‘एच’ मांडणीच्या तीन गिअरांच्या पेटीस त्यातून वगळण्यात आले. जे सर्वांच्या हातवळणी पडले आहे ते लिहून सांगण्याची गरज नाही, असा त्याचा आशय. परंतु रूढी पिढीबरोबर बदलते. आजच्या चालकाला तीन गिअरांची मांडणी परिचित नसते. म्हणून त्या काळी अनावश्यक वाटलेले लेखन आज आवश्यक ठरते.

संकेत केवळ अक्षरांचाच असतो असे नाही. लँड रोव्हरच्या १९५८ नंतरच्या सीरिज दोन आणि १९७१ नंतरच्या सीरिज तीन या गाड्यांत पिवळी मूठ खाली दाबली असता चारही चाकांना शक्ती मिळते, आणि लाल मुठीची दांडी श्रेणी बदलते. येथे रंग हाच शब्द आहे. विटलेली लाल मूठ काढून तेथे काळी बसविल्यास हाताची सोय होईल. अर्थाची मात्र हानी होईल.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. मूठ झिजते ती तळहाताच्या घर्षणाने, घामाने आणि उन्हाने. कठीण रबराचा काळा रंग उन्हाने तपकिरी पडतो. बेकेलाइट एकदा साच्यात पक्के झाले की पुन्हा वितळत नाही; त्यामुळे त्याची तड उष्णतेने सांधता येत नाही. मूठ काढताना प्रथम तिच्याखालील चेक नट सैल करावा. आटे गंजले असल्यास त्यांत गंज सोडविणारे तेल सोडून काही तास वाट पाहावी, आणि मुठीभोवती चामड्याचा तुकडा गुंडाळूनच ती फिरवावी. पकडीचे दात थेट मुठीवर लावू नयेत. सफाईसाठी सौम्य साबणाचे पाणी पुरेसे होते. थिनर अनेक प्लॅस्टिकांना विरघळवितो, म्हणून तो टाळावा. तड आणि खड्डे दोन घटकांच्या इपॉक्सीने भरावेत. नंतर पाण्यात भिजविलेल्या ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने घासावे. काही जुन्या बेकेलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे. म्हणून कोरडे घासून धूळ उडविणे धोक्याचे आहे.

कोरलेल्या अक्षरांभोवती हात आवरता घ्यावा, कारण अधिक घासल्यास कोरीव रेघाच नाहीशा होतात. रेघांतील मळ लाकडी काडीने काढून त्यांत पांढरा इनॅमल रंग भरावा, आणि वरचा जादा रंग सपाट ताणलेल्या कापडाने पुसून घ्यावा. आटे गेले असल्यास छिद्र मोठे करून त्यात आटे पाडलेला पितळी बुश इपॉक्सीने बसवावा.

मूठ बदलावयाचीच असेल तर दांडीचे आटे आधी मोजावेत. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. अशा दांडीवर १० मिलिमीटरची मूठ ढिली बसते, आणि खडबडीत वाटेवर ती नेमकी गिअर बदलताना हातात येते. इंची आणि मेट्रिक आटे दिसावयास जवळचे असले तरी एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

अक्षरे पूर्ण पुसली गेली असतील तेव्हा अंदाजाने आकृती कोरणे हा मोठा दोष होय. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ देण्याची पद्धत पुण्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मुठीवर अशी रेघ देता येत नाही. म्हणून तेथे निश्चिती आधीच करावी लागते. सपाट, मोकळ्या जागेत, मुख्य दांडीच्या प्रत्येक स्थानी क्लच हलके सोडून गाडी पुढे जाते की मागे, हे पाहावे; त्याची नोंद करावी आणि मगच आकृती कोरावी. पेटी बदललेली असेल तर जुनी मूठ, कितीही सुंदर असली तरी, जपून कपाटात ठेवावी आणि दांडीवर नव्या पेटीची खरी आकृती असलेली मूठ बसवावी. मूळ वस्तूचा मान राखणे योग्यच आहे. परंतु दांडीवर बसलेल्या मुठीने आधी खरे सांगितले पाहिजे. कारण ती वाचणारा चालक तिच्यावर विश्वास ठेवूनच क्लच सोडीत असतो.